तालमीनें काय मिळतें?

गेल्या उन्हाळ्यांतील एका संध्याकाळची गोष्ट. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस आमचें शेळगांव आहे. तेथें घराच्या ओट्यावर मी वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों. इतक्यांत शेजारचे एक शेतकरी आपल्या अकरा वर्षांच्या मुलास हातीं धरून आले. मुलाच्या सदऱ्याची बाही फाटली होती आणि कोपरावर ताजें खरचटलेलें होतें. मुलगा कांहीं केल्या मान वर करीना. बाप म्हणाला, "गुरुजी, पोरगं लई भितं. शाळंच्या वाटंवर दोघंतिघं त्येला अडवत्यात आन् बडवत्यात. तालमीत घालावं म्हनतो. चार जणांना लोळवंल का ह्यो? का नुसताच दूध-बदामाचा खर्च?"

मीं छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें. पण ह्या प्रश्नास त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. "दोन दिवसांनीं या, विचार करून सांगतों," असें म्हणून मीं त्यांची बोळवण केली. त्या दोन दिवसांत मीं जो विचार केला, तोच आज आपल्यापुढें मांडणार आहें.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. मल्लविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील तर मी मोठा मल्ल नव्हतों, हाच माझा अधिकार. लहानपणीं सहा वर्षें मी तालमींत गेलों. यात्रेंतल्या मैदानांत आधीं रेवड्यांवर लढलों, पुढें नारळावर लढलों; त्यापलीकडे माझी मजल गेली नाहीं. जे जिंकतात त्यांचा लाभ सर्वांस दिसतो. त्यांस गदा मिळते, फेटा मिळतो, इनाम मिळतें, एखाद्यास नोकरीही मिळते. पण तालमींत जाणाऱ्या शंभर मुलांपैकीं गदा फार तर एखाद्याच्या खांद्यावर चढते. बाकीच्या नव्व्याण्णवांच्या पदरांत काय पडतें? त्या बापाचा खरा प्रश्न हाच होता. आणि त्याचें उत्तर जिंकणाऱ्यापेक्षां माझ्यासारखा हरणाराच अधिक नेमकें देऊं शकेल, असें मला वाटतें.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील 'मल्लविनोद' या प्रकरणांत मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांचा सराव यांचें वर्णन आहे. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां ऊर्जितावस्थेस आणली. हा खांब म्हणजे कुस्तीगिराचा मुका जोडीदारच होय. पुढें करवीरच्या शाहू महाराजांनीं मल्लांस उदार आश्रय दिला आणि १९१२ सालीं कोल्हापुरांत खासबागेचें मैदान उभें राहिलें. राजेरजवाड्यांनीं ही विद्या पोसली ती युद्धासाठीं, दरबाराच्या शोभेसाठीं आणि लोकांच्या करमणुकीसाठीं. आज दंड थोपटून कोणाला राज्य राखावयाचें नाहीं. म्हणूनच, ही विद्या शिकून एकट्यादुकट्या माणसाचा काय लाभ होतो, हा प्रश्न आज विशेष विचारण्याजोगा झाला आहे.

त्याला आणखीही एक कारण आहे. आमच्या बारामती-इंदापूर भागांत नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें, ऊंस आला, मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला. ह्याबद्दल मला मुळींच खेद नाहीं; मोट हांकणाऱ्याच्या पाठीचे हाल मीं पाहिले आहेत. परंतु पूर्वीं जें अंगमेहनतीचें काम न मागतां शरीराच्या वांट्यास येत असे, तें आतां येईनासें झालें. आषाढांत तुकोबांची पालखी आमच्या भागांतून जाते आणि बेलवाडीस रिंगण होतें. तें पाहतांना एक गोष्ट दरसाल माझ्या मनांत येते. खांद्यावर पताका घेतलेला सत्तरीचा वारकरी रिंगणांत सहज धांवतो, आणि कडेला उभा असलेला विशीचा तरुण दोन फुगड्या घालून धापा टाकतो. शरीराला काम दिलें नाहीं तर तें आपली विद्या विसरतें. काम शेतांतून गेलें, तेव्हां तें हौद्यांतून परत आणणें भाग आहे.

आतां तालमींत शिरूं या. माझ्या लहानपणची तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक पत्र्याची खोली. मध्यें हौदा, हौद्यांत तांबडी माती, आणि मातींत कालविलेलें ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व थोडा कापूर. पहांटे फावड्यानें हौदा खणून माती भुसभुशीत करणें, हें आम्हां पोरांचें पहिलें काम आणि तोच आमचा पहिला व्यायाम. मला वाटलें होतें कीं वस्ताद पहिल्याच दिवशीं धोबीपछाड शिकवितील. पंधरा दिवस झाले तरी त्यांनीं डावाचें नांव काढलें नाहीं. जोर झाले, बैठका झाल्या कीं ते आम्हांस एकामागून एक मातींत ढकलीत आणि म्हणत, "पडा!"

होय श्रोतेहो, आमच्या तालमींतला पहिला धडा पाडण्याचा नव्हता, पडण्याचा होता. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकें मागें आपटत नाहीं. हात ताठ करून जमिनीवर टेकायचा नाहीं. कारण पडणारा माणूस घाबरून हात पुढें करतो आणि सारा भार मनगटावर घेऊन तें मोडून घेतो. पाठीवर धाडदिशीं न येतां अंग वळवून कुशीवर यायचें, आणि पडतांना श्वास कोंडून न धरतां सोडायचा. ह्यांतलें मर्म साधें आहे. पडण्याचा आघात एका बिंदूवर आणि एका क्षणांत सोसला तर हाड मोडतें. तोच आघात शरीराच्या मोठ्या भागावर पसरला आणि थोडा लांबविला, तर तो मातींत जिरतो.

योगायोग असा कीं, ही गोष्ट दूर जपानांतही एका शिक्षकाला अशीच दिसली. जिगोरो कानो हे लहान चणीचे होते आणि शाळेंत दांडग्या मुलांचा त्रास त्यांनीं सोसला होता. त्यांनीं जपानी मल्लविद्येचे जुने प्रकार अभ्यासले आणि १८८२ सालीं टोकियोंत 'कोदोकान' ही शाळा काढून जूदोची पद्धति बसविली. ते व्यवसायानें शिक्षक होते, मुख्याध्यापकही होते. जूदोंतही नवशिक्यास आधीं शिकवितात तें इजा न होतां पडणें. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें जूदोचा समावेश झाला. पण आजही त्या विद्येचा पाया पडण्याचाच आहे.

ह्या पहिल्या धड्याचें व्याज मला पन्नास वर्षांनीं मिळालें. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत मळ्यांतून येतांना ओल्या बांधावरून माझा पाय सटकला. विचार करण्यास वेळ नव्हताच. पण हनुवटी आपोआप छातीला लागली, अंग वळलें, आणि मी पाटाच्या कडेला कुशीवर आलों. धोतर चिखलानें माखलें, खांदा आठ दिवस दुखला, एवढेंच. माझ्या वयाचीं किती तरी माणसें अशा एका पडण्यानें खाटेला खिळतात. जागतिक आरोग्य संघटना पांसष्ट वर्षांवरील माणसांस आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल सांवरण्याचे आणि शक्तीचे व्यायाम करण्यास सांगते, तें पडणें टळावें म्हणूनच. म्हातारपणीं हा तोल नव्यानेंही शिकतां येतो. पण लहानपणीं मातींत शिकलेलें शरीर तो सहसा विसरत नाहीं.

पडण्यानंतर येतात जोर आणि बैठका. ह्या दोहोंत एक मोठा गुण आहे. त्यांना उपकरण लागत नाहीं आणि जागा लागते ती एका घोंगडीएवढी. जोर मारतांना छाती, खांदे, दंड आणि कणा हे सारे एकाच ओघांत काम करतात. बैठकांनीं मांड्या आणि दम वाढतो. मग जोडी धरली कीं खडाखडी सुरू होते. एकमेकांच्या मानेवर हात, पायाखालीं सरकणारी माती आणि समोरच्याचा क्षणाक्षणाला बदलणारा भार. ह्यांत पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकही अवयव रिकामा राहत नाहीं. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी साठ मिनिटें दमदार हालचाल करावी, आणि आठवड्यांतून तीन दिवस स्नायू व हाडें बळकट करणारे व्यायाम करावेत, असें आजचे वैद्यकतज्ज्ञ सांगतात. वाढत्या वयांत हाडांवर जो ताण पडतो त्यानें तीं घट्ट होतात, आणि ती शिल्लक पुढें आयुष्यभर कामास येते. आमच्या वस्तादांनीं हें शास्त्र वाचलें नव्हतें. पण त्यांचा पहांटेचा तास साठ मिनिटांहून कमी कधींच भरला नाहीं.

येथें बापाच्या दुसऱ्या शंकेचा, म्हणजे दूध-बदामाच्या खर्चाचा, उलगडा करतों. १९७२ च्या दुष्काळांत मी दहा-अकरा वर्षांचा होतों. विहिरी आटल्या, गुरें विकलीं गेलीं, आणि घरोघरचीं माणसें खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर जाऊं लागलीं. तेथें मिळणारी सुकडी हाच पुष्कळांचा खुराक होता. आतां तालीम बंद पडणार, असें आम्हांस वाटलें. वस्तादांनीं ती बंद केली नाहीं. त्यांनीं फक्त बैठका शंभरावरून तिसावर आणल्या आणि लढती थांबविल्या. "जेवढं पोटात, तेवढंच मातीत," असें ते म्हणत. त्या वर्षीं आम्ही पडलों, उठलों, हौदा खणला आणि मारुतीला नमस्कार करून घरीं गेलों. मैदान मारणाऱ्या मल्लाला मोठा खुराक लागतो, हें खरें. पण सर्वसाधारण मुलास ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, जमेल तेवढें दूध आणि अंडें चालत असेल तर अंडें, एवढें पुरेसें आहे. बदामावांचून तालीम अडत नाहीं.

शरीराचा लाभ डोळ्यांना दिसतो. मनाचा दिसत नाहीं. त्यांत पहिला लाभ भयाविषयींचा. मार खाणारें मूल माराला जितकें भितें, त्याहून अधिक तें मार बसण्याच्या कल्पनेला भितें. कोणी अंगाला हात घातला कीं त्याचा श्वास अडतो, हातपाय गारठतात, बुद्धि जागेवर राहत नाहीं. तालमींत रोज कोणी तरी मान धरतें, कंबर धरतें, पायांत पाय घालतें. पहिल्या आठवड्यांत छाती धडधडते, दुसऱ्यांत कमी धडधडते, आणि महिन्यानें मूल विचार करूं लागतें: ह्यानें माझा उजवा हात धरला, तर माझा डावा मोकळा आहे. भय नाहींसें होतें असें नव्हे. पण भय असतांनाही डोकें चालतें. मल्लविद्येनें एकट्या माणसाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि तिचा उपयोग कुस्तीबाहेरच अधिक. परीक्षेंत कठीण प्रश्न आला, सभेंत बोलण्यास उभें राहावें लागलें, घरांत रात्रीं कोणी एकाएकीं आजारी पडलें, तर त्या वेळीं श्वास सोडून "माझा मोकळा हात कोणता?" असें स्वतःस विचारणारा माणूस मला पुष्कळदां जुन्या तालमींतलाच आढळला आहे.

दुसरा लाभ हार पचविण्याचा. तालमींत मूल एका सकाळीं दहा वेळां हरतें, आणि तें सर्वांच्या देखत हरतें. हरल्यावर सबब चालत नाहीं. पाठीला लागलेली माती सर्वांस दिसते. उठायचें, ती झटकायची, ज्यानें पाडलें त्याला सलामी द्यायची आणि पुन्हां उभें राहायचें. शाळेंत मीं उलट पाहिलें. हुशार म्हणून वाढलेलीं मुलें एकदां नापास झालीं कीं कोलमडून जात. कारण हरण्याचा सराव त्यांस कोणी दिलेलाच नसे. अशा एकदोन घरांत मला समजूत घालावयास जावें लागलें आहे, आणि त्या आठवणी आजही मला अस्वस्थ करतात. हरणें ही रोजची गोष्ट आहे, तिच्यानंतर दुपारचें जेवण असतें आणि उद्यांची सकाळ असते, एवढें मुलांस कोठें तरी शिकविलें पाहिजे. तालीम तें शिकविते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वराच्या खाशाबा जाधवांचें उदाहरण आपणांस ठाऊक असेलच. पण मी त्यांच्या पदकाइतकीच त्यांची हारही महत्त्वाची मानतों. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीवर वाढलेला हा मल्ल तेथें परक्या नियमांनीं गादीवर लढला आणि आपल्या वजनगटांत सहावा आला. ते निराश होऊन बसले नाहींत. उणें काय पडलें तें त्यांनीं ओळखलें आणि चार वर्षें त्यावर मेहनत केली. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा जमेना, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून त्यांस सात हजार रुपये दिले. तेथें खाशाबांनीं सत्तावन्न किलोच्या गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटांत सुवर्णपदक मिळविणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा जूदोचा विद्यार्थी होता. म्हणजे पडण्यापासून आरंभ करणाऱ्या दोन विद्या त्या दिवशीं समोरासमोर उभ्या राहिल्या. खाशाबा पुढें पोलीस खात्यांत नोकरीस लागले. पदक एकदांच मिळालें. पण सहाव्या क्रमांकावरून उठून उभें राहण्याचें बळ त्यांस रोजच्या मातीनें दिलें असलें पाहिजे, असें मला वाटतें.

तिसरा लाभ संयमाचा, आणि त्याविषयीं बोलतांना मला माझा एक दोष सांगितला पाहिजे. नोकरीच्या आरंभीं मी छडी चालविणारा मास्तर होतों. एके दिवशीं पाढा चुकला म्हणून एका मुलाच्या पाठीवर छडी इतक्या जोरानें उतरली कीं वळ उठला. त्याच संध्याकाळीं वाटेंत वस्ताद भेटले. ते आतां काठी टेकीत चालत. कोणी तरी त्यांच्या कानांवर ही गोष्ट घातली होती. ते माझ्यावर रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "मास्तर, जोड कुनाशी लावायची, ते इसरलास व्हय? जो आपल्याला उलटून धरू शकत न्हाई, त्येच्यावर डाव टाकायचा नसतो."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली आणि छडी घरीं नेऊन चुलींत घातली. पुढें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस बंदी केली. मला ती बंदी त्यापूर्वींच हौद्याच्या नियमानें झाली होती. पण ह्यांत एक सत्य लपलें आहे, तें मला झांकतां येत नाहीं. सहा वर्षें तालमींत काढूनही माझा हात उठलाच. म्हणजे नुसत्या जोर-बैठकांनीं माणूस शहाणा होत नाहीं. हातांत बळ येतें तें मातीमुळें. तें बळ कोठें आवरावें हें मात्र वस्तादाकडूनच शिकावें लागतें. जेथें जोडीदार कळवळला कीं पकड तत्काळ सैल होते, जेथें मोठा पठ्ठा लहानग्याला खेळवितो पण चिरडीत नाहीं, तीच खरी तालीम. जेथें असें होत नाहीं, तेथें दांडगाई शिकतात. मग त्या जागेस कांहींही नांव असो.

येथवर मी मुलगे मुलगे म्हणत आलों, तेंही आतां सुधारलें पाहिजे. माझ्या लहानपणीं मुलींनीं हौद्याच्या उंबऱ्याशींही यावयाचें नाहीं, अशी रीत होती. आज ती राहिली नाहीं, आणि न राहिली हें उत्तम झालें. २००४ पासून ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या कुस्त्या होतात. २०१६ सालीं रिओ येथें हरयाणाच्या साक्षी मलिकनें कांस्यपदक मिळविलें. आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासूनची, तर स्त्रियांची पहिली स्पर्धा २०२३ सालीं सांगलीस झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनें ती जिंकली. माझ्या नातीनें कराटे शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हां मीं प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, हें कबूल करतों. सहा महिन्यांनीं ती रस्त्यानें चालतांना मान वर करून चालते, हें पाहिलें आणि माझ्या आठ्या गेल्या. कुस्ती, जूदो, कराटे, लाठी, दांडपट्टा, मल्लखांब यांपैकीं काय शिकावें, हा प्रश्न गौण आहे. शिकविणारा कसा आहे, हा मुख्य.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. हृदयाचा, दम्याचा किंवा सांध्यांचा विकार असेल तर वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून हौद्यांत उतरूं नये. मातींत किंवा गादीवर एकाचें गजकर्ण दहांना होतें. म्हणून सरावानंतर स्नान करावें आणि लंगोट रोज धुवावा. मानेवर पडण्याचे आणि मान पिळण्याचे प्रकार वस्तादाच्या डोळ्यांआड करूं नयेत. वजन उतरविण्यासाठीं पाणी तोडणें आणि शरीर फुगविण्यासाठीं इंजेक्शनें घेणें, हे दोन्ही मार्ग विनाशाचे आहेत. जो तुम्हांस ते सुचवील त्याची तालीम त्याच दिवशीं सोडावी. मेहनत सुटली कीं खुराकही त्या मानानें कमी करावा. मेहनत थांबून खुराक चालू राहिला, म्हणजे बलदंड मल्लाचें शरीर चाळिशींत बोजड होतें. आणि शेवटचें असें कीं, ही विद्या म्हणजे कवच नव्हे. शस्त्र घेतलेला माणूस किंवा टोळी समोर आली तर पळून जाणें आणि माणसें गोळा करणें, हाच उत्तम डाव. पळण्याची लाज न वाटणें, हेंही खऱ्या तालमीचेंच शिक्षण आहे.

दोन दिवसांनीं ते शेतकरी पुन्हां आले. मीं त्यांस सांगितलें, "पाटील, हा चार जणांना लोळवील कीं नाहीं, तें मी सांगूं शकत नाहीं, बहुधा लोळविणार नाहीं. पण चार जणांत उभा राहील, एवढें मी सांगतों. आणि जीं पोरें त्याला अडवितात, त्यांच्याविषयीं त्यांच्या आईबापांशीं आणि शाळेशीं बोलणें हें तुमचें आणि माझें काम आहे. तें अकरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकूं नका." आम्ही दोघे त्याच आठवड्यांत शाळेंत गेलों आणि बोललों. मुलगा तालमींत जाऊं लागला.

मला दिलेली वेळ संपत आली आहे. म्हणून शेवटचें तेवढें सांगून आपली रजा घेतों. महिन्याभरानें तो मुलगा तालमींतून परत येत असतां माझ्या ओट्यापाशीं थांबला. केसांत माती, कानांत माती. बापही मागून आले आणि त्यांनीं हौसेनें विचारलें, "काय रं, आज कुनाला पाडलंस?"

मुलगा म्हणाला, "कुनालाच न्हाई. पन आज एकदा बी पाठीवर पडलो न्हाई, आबा. समद्या टायमाला कुशीवर आलो."

बापाला त्यांतलें कांहीं उमगलें नाहीं; ते माझ्याकडे पाहूं लागले. पण ते शब्द बोलतांना मुलाची मान वर होती, आणि तो आमच्या दोघांच्या डोळ्यांस डोळा देऊन बोलत होता. तुम्हीं विचारलें होतें तें उत्तर हेंच, असें मीं त्यांस सांगितलें.